स्कॅडिंग केबिन

स्कॅडिंग केबिन हे कॅनडातील ऑन्टारियो प्रांताची राजधानी असलेल्या टोरोंटो शहरातील एक ऐतिहासिक ओंडक्यांचे घर आहे. इ.स. १७९४ मध्ये बांधलेले हे घर शहरातील आजमितीस टिकून असलेले सर्वांत जुने घर समजले जाते. डॉन नदीच्या पूर्व काठावर जॉन स्कॅडिंग या वसाहतकारासाठी ते बांधण्यात आले. इ.स. १८७९ मध्ये ते सुटे करून ओंटारियो सरोवराच्या किनाऱ्यावरील प्रदर्शन मैदानावर, म्हणजे आजच्या एक्झिबिशन प्लेसच्या आवारात, पुन्हा उभारले गेले. तेव्हापासून यॉर्क पायोनियर्स ही इतिहासप्रेमी संस्था त्याचा सांभाळ करीत असून स्थानिक इतिहासाचे छोटेखानी संग्रहालय म्हणून ते लोकांना दाखवले जाते. मूळ जागेवरून हलवलेली इमारत कितपत अस्सल मानावी, आणि ‘आद्य वसाहतकार’ या शब्दाने कोणाचा इतिहास सांगितला जातो व कोणाचा झाकला जातो, या दोन प्रश्नांमुळे ही लहानशी वास्तू तिच्या आकारमानाच्या मानाने अधिक अभ्यासनीय ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटनशी एकनिष्ठ राहिलेले अनेक लोक तेरा वसाहती सोडून उत्तरेकडे आले. त्यांच्या वस्तीसाठी इ.स. १७९१ च्या संविधान कायद्याने क्यूबेक प्रांताचे विभाजन होऊन अप्पर कॅनडा हा नवा प्रांत निर्माण झाला. आजच्या ऑन्टारियोचा दक्षिण भाग म्हणजे ढोबळमानाने हा प्रांत होय. त्याचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून जॉन ग्रेव्ह्ज सिम्को यांची नेमणूक झाली. सिम्को यांची जहागीर इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डंक्सवेल या खेड्याजवळ होती आणि जॉन स्कॅडिंग हे त्या जहागिरीचे कारभारी होते. इ.स. १७९२ मध्ये ते सिम्को यांच्यासोबत अप्पर कॅनडात आले. नव्या प्रांतात कारकुनी सांभाळणाऱ्या या विश्वासू माणसाचे स्थान नोकर आणि स्नेही यांच्या मधले होते.

इ.स. १७९३ मध्ये सिम्को यांनी टोरोंटोच्या नैसर्गिक बंदरालगत यॉर्क हे गाव वसवले. त्या वेळी तेथे पक्के असे घर जवळजवळ नव्हतेच. स्वतः गव्हर्नर आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ सिम्को काही काळ कापडी घरात राहिले. हे घडीचे घर पूर्वी दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक यांच्या सामानापैकी होते, असे सांगितले जाते. एलिझाबेथ यांनी लिहिलेली रोजनिशी आणि काढलेली जलरंगचित्रे हे या काळाचे अत्यंत जिवंत साधन आहे. डॉनच्या खोऱ्यातील दाट अरण्य, बर्फ झालेली खाडी, ओंडक्यांचे पूल यांची त्यांनी केलेली नोंद वाचल्याशिवाय स्कॅडिंग केबिनच्या मूळ परिसराची कल्पना येत नाही.

जमिनीचा प्रश्न

नव्या गावाची जमीन मोकळी नव्हती. हा प्रदेश मिसिसॉगा या अनिशिनाबे कुळातील लोकांचा होता. त्यांच्याही आधी वेन्डॅट आणि हॉडेनोशोनी लोकांचा येथे वावर होता. इ.स. १७८७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मिसिसॉगा प्रमुखांशी ‘टोरोंटो खरेदी’ म्हणून ओळखला जाणारा व्यवहार केला. त्यात देण्यात आलेल्या वस्तूंमध्ये २,००० चकमकीचे दगड, २४ पितळी भांडी, १२० आरसे, २४ जरीच्या काठाच्या टोप्या आणि ९६ गॅलन रम यांचा समावेश होता. पुढे असे उघड झाले की, या व्यवहाराचे खरेदीखत कोरेच होते. प्रमुखांच्या कुलचिन्हांच्या खुणा त्याला जोडलेल्या होत्या, परंतु कोणती जमीन, किती आणि कोठून कोठपर्यंत, याचा त्यात उल्लेख नव्हता. असे खत निरर्थक असल्याचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी सिम्को यांना कळवले, ते वर्ष होते १७९४. ज्या वर्षी मालकीचा आधारच पोकळ असल्याचे वरिष्ठांनी लिहून कळवले, त्याच वर्षी स्कॅडिंग यांचे घर उभे राहिले.

हा दोष दुरुस्त करण्यासाठी इ.स. १८०५ मध्ये नवा करार करण्यात आला. त्यात २,५०,८३० एकर जमीन अवघ्या दहा शिलिंगांना हस्तांतरित झाल्याचे दाखवले गेले. मिसिसॉगांच्या समजुतीपेक्षा हे क्षेत्र खूपच मोठे होते. या अन्यायाचा दावा जवळजवळ दोन शतकांनंतर निकाली निघाला. इ.स. २०१० मध्ये कॅनडाच्या संघ सरकारने मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या राष्ट्राला १४.५ कोटी कॅनेडियन डॉलर देऊन तडजोड केली. केबिनची मूळ जागा आणि आजची जागा या दोन्ही याच करारक्षेत्रात मोडतात.

स्कॅडिंग यांना डॉन नदीच्या पूर्वेकडील २५३ एकरांची जमीन देण्यात आली. हा भूखंड रुंदीला कमी आणि लांबीला अवाढव्य असा पट्टा असून तो सरोवराच्या किनाऱ्यापासून उत्तरेस थेट आजच्या डॅनफर्थ मार्गापर्यंत जात होता. त्या काळात सरकारी जमीन मिळणे म्हणजे ती लगेच आपली होणे नव्हे. मिळालेल्या जमिनीवर ठरावीक मुदतीत घर बांधणे, रान तोडणे आणि पुढून जाणारा रस्ता मोकळा करणे अशा अटी वसाहतकारांवर घातल्या जात आणि त्या पाळल्यावरच जमीन कायमची नावावर होई. अशा व्यवस्थेत केबिन हे निवाऱ्याचे साधन तर होतेच, शिवाय मालकी सिद्ध करण्याचा पुरावाही होते. अरण्यात उभे राहिलेले पहिले घर हे रोमांचक कथेपेक्षा महसुली व्यवहाराशी अधिक जवळचे होते, ही गोष्ट अशा वास्तूंच्या कौतुकात बहुधा मागे पडते.

बांधणी

हे घर क्वीन्स रेंजर्स या पलटणीतील सैनिकांनी बांधले. मूळच्या क्वीन्स रेंजर्सचे नेतृत्व सिम्को यांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात केले होते. अप्पर कॅनडासाठी त्याच नावाची नवी पलटण इ.स. १७९१ मध्ये उभारण्यात आली आणि लढाईपेक्षा रस्ते बांधणे, झाडे तोडणे, इमारती उभ्या करणे हेच तिचे मुख्य काम ठरले. टोरोंटोतून उत्तरेस जाणारा यंग स्ट्रीट हा प्रसिद्ध रस्ताही याच पलटणीच्या श्रमांतून आकाराला आला.

ओंडक्यांचे घर ही इंग्लंडची परंपरा नाही. स्कॅडिंग ज्या डेव्हन परगण्यातून आले तेथील खेड्यांतली जुनी घरे माती आणि पेंढा यांच्या मिश्रणाच्या जाड भिंतींची आहेत. आडवे ओंडके एकावर एक रचून भिंत उभी करण्याची पद्धत स्कँडिनेव्हियातून आणि मध्य युरोपातून उत्तर अमेरिकेत आली. सतराव्या शतकात डेलावेअर नदीकाठी वसलेल्या स्वीडिश व फिनिश वसाहतकारांनी ती तेथे रुजवली आणि पुढे जर्मन वसाहतकारांनी तिचा प्रसार केला. जेथे लाकूड मुबलक, पण करवतीच्या गिरण्या, विटा आणि खिळे दुर्मीळ, तेथे ही पद्धत फार सोयीची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वसाहतकारांनीही ती सर्रास उचलली होती.

या पद्धतीत कुऱ्हाड हे मुख्य हत्यार असते. झाड तोडून त्याचे ओंडके ठरावीक लांबीचे केले जातात. घाई असेल तर ते गोलच ठेवतात. सवड असेल तर रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने त्यांच्या बाजू तासून सपाट करतात. टोकांना खाचा पाडून प्रत्येक ओंडका खालच्या आडव्या ओंडक्यात अडकवला जातो, त्यामुळे कोपरे स्वतःच्याच वजनाने घट्ट बसतात आणि खिळ्यांची गरज जवळजवळ उरत नाही. दोन ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या ढलप्या, शेवाळ आणि चिखल किंवा चुन्याने लिंपल्या जातात. हे लिंपण दरसाल थोडेफार गळते व पुन्हा भरावे लागते. अशा घरात थंडी किती शिरायची हे लाकडापेक्षा या लिंपणावर अधिक अवलंबून असे. दारे व खिडक्यांची भोके बहुधा भिंती उभ्या झाल्यावर कापत असत.

स्कॅडिंग केबिनची रचना साधी आहे. खाली एकच मोठी खोली आणि वर उतरत्या छपराखाली माळा. खालच्या खोलीत स्वयंपाकासाठी आणि उबेसाठी फायरप्लेस आहे. स्वयंपाक, जेवण, कताई, शिवणकाम, पाहुण्यांची उठबस हे सर्व या एका खोलीत होत असे. याच वर्षी सिम्को कुटुंबाने डॉनच्या खोऱ्यातील टेकाडावर ‘कॅसल फ्रँक’ नावाचे उन्हाळी घर बांधण्यास घेतले. तेही ओंडक्यांचेच होते, पण त्याच्या पुढच्या दर्शनी भागाला न सोललेल्या झाडांच्या खोडांचे उंच खांब देऊन ग्रीक देवळाचा थाट आणला होता. गव्हर्नरांचे ते हौशी घर इ.स. १८२९ मध्ये आगीत नष्ट झाले आणि कारभाऱ्याचे बिनडौलाचे घर मात्र मागे राहिले.

मालकी आणि उपयोग

सिम्को यांनी इ.स. १७९६ मध्ये कॅनडा सोडला आणि स्कॅडिंगही त्यांच्याबरोबर इंग्लंडला परतले. म्हणजे ज्यांच्या नावाने केबिन आज ओळखली जाते, ते तेथे जेमतेम दोन वर्षे राहिले. त्यांच्या गैरहजेरीत शेजारी जॉर्ज प्लेटर यांनी मालमत्तेकडे लक्ष दिले. दरम्यान यॉर्कवर मोठे संकट येऊन गेले. एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकन सैन्याने गाव काबीज केले आणि तेथील कायदेमंडळाच्या इमारती जळाल्या. १८१२ च्या युद्धातील या हानीमुळे आणि नंतरच्या आगी व पुनर्बांधणीमुळे यॉर्कच्या पहिल्या दशकातील इमारती जवळजवळ सर्व नाहीशा झाल्या. फोर्ट यॉर्क या किल्ल्यातील आज दिसणाऱ्या जुन्या इमारतीही प्रामुख्याने या हल्ल्यानंतरच्या आहेत. नदीपलीकडे, गावाबाहेर असलेली केबिन या पडझडीतून वाचली.

इ.स. १८१८ मध्ये स्कॅडिंग पुन्हा यॉर्कला आले. त्यांनी भूखंडाचा दक्षिणेकडील भाग केबिनसह विलियम स्मिथ या शेतकऱ्याला विकला आणि स्वतः उत्तरेकडील भागात राहिले. इ.स. १८२१ मध्ये त्यांची पत्नी व धाकटा मुलगा हेन्री हेही येऊन मिळाले, परंतु तीनच वर्षांत, इ.स. १८२४ मध्ये, झाड अंगावर पडून जॉन स्कॅडिंग यांचा मृत्यू झाला. रान तोडताना असे मरण येणे त्या काळी विरळा नव्हते. त्यांच्या वारसांकडील ११९ एकर जमीन टोरोंटो नगरपालिकेने इ.स. १८५६ मध्ये विकत घेतली. तेथे पुढे डॉन कारागृह उभे राहिले आणि रिव्हरडेल उद्यान विकसित झाले.

केबिन मात्र स्मिथ कुटुंबाच्या शेतावरील एक दुय्यम इमारत बनून राहिली. साठ वर्षे ती शेतीच्या कामांसाठी वापरली गेली. या दीर्घ अज्ञातवासामुळेच ती बचावली, असे म्हणण्यास जागा आहे. कोणी राहत नसल्याने तिला नव्या फॅशनप्रमाणे वाढवले गेले नाही आणि उपयोगाची असल्याने पाडलेही गेले नाही.

स्थलांतर, १८७९

इ.स. १८३४ मध्ये यॉर्कचे टोरोंटो नगर झाले आणि पुढील चार दशकांत रेल्वे, कारखाने व गोद्या यांनी त्याचे रूप पालटले. इ.स. १८८१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८६,४१५ होती. अरण्यातले यॉर्क प्रत्यक्ष पाहिलेली पिढी अस्ताला जात होती. अशा जुन्या रहिवाशांनी इ.स. १८६९ मध्ये यॉर्क पायोनियर्स ही संस्था स्थापन केली. सभासदत्वासाठी इ.स. १८३४ पूर्वीचे रहिवासी असणे ही प्रारंभीची अट होती. ऑन्टारियोतील सर्वांत जुन्या इतिहाससंस्थांमध्ये तिची गणना होते.

जॉन स्कॅडिंग यांचे पुत्र रेव्हरंड हेन्री स्कॅडिंग (१८१३–१९०१) हे या संस्थेचे आघाडीचे सभासद व दीर्घकाळ अध्यक्ष होते. केंब्रिजमध्ये शिकलेले हेन्री हे अप्पर कॅनडा कॉलेजात अभिजात भाषांचे शिक्षक आणि होली ट्रिनिटी या चर्चचे धर्मगुरू होते. इ.स. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘टोरोंटो ऑफ ओल्ड’ हा ग्रंथ शहराच्या इतिहासलेखनाचा पाया समजला जातो. रस्त्यारस्त्याने फिरत, प्रत्येक वळणावर जुन्या माणसांच्या व इमारतींच्या आठवणी सांगत जाण्याची त्याची मांडणी आजही वाचनीय आहे. त्यांचे स्वतःचे बालपण या केबिनमध्ये गेलेले नव्हते. त्यांच्या लहानपणी ती परक्याच्या मालकीची होती. वडिलांच्या घराचे जतन करण्याच्या कामात पुत्रप्रेम आणि इतिहासकाराची दृष्टी या दोन्हींचा वाटा असणार, पण त्यांची वाटणी करणे अवघड आहे.

इ.स. १८७९ मध्ये स्मिथ कुटुंबाने केबिन यॉर्क पायोनियर्सना देऊ केली. त्याच वर्षी शरद ऋतूच्या तोंडावर टोरोंटो औद्योगिक प्रदर्शनाचे पहिले पर्व भरणार होते. हेच प्रदर्शन पुढे कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशन या नावाने देशातील सर्वांत मोठ्या वार्षिक जत्रांपैकी एक बनले. यंत्रे, शेतमाल आणि कारखान्यांची उत्पादने मांडलेल्या मैदानावर जुन्या काळचे एक ओंडक्यांचे घर असावे, म्हणजे प्रगतीचे मोजमाप पाहणाऱ्यांना एका दृष्टिक्षेपात करता येईल, ही कल्पना संयोजकांनाही पटली. केबिन सुटी करून शहराच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे आणली गेली आणि सरोवराकाठी पुन्हा रचली गेली. खाचांनी जोडलेले घर खाचा सोडवून उतरवता येते व त्याच क्रमाने पुन्हा उभारता येते. ही बांधणीच केबिनच्या पथ्यावर पडली.

कॅनडात जुनी वास्तू केवळ तिच्या इतिहासमूल्यासाठी मुद्दाम जतन करण्याचे हे आरंभीच्या काळातील एक उदाहरण आहे. केबिनच्या आसपासची जागाही निरर्थक नाही. जवळच रुइये या फ्रेंच किल्ल्याचे स्थान आहे. इ.स. १७५०–५१ मध्ये बांधलेला हा व्यापारी किल्ला इ.स. १७५९ मध्ये फ्रेंचांनी स्वतःच जाळून सोडला. त्या जागेवर इ.स. १८८७ मध्ये उभारलेल्या स्मारकस्तंभामागेही हेन्री स्कॅडिंग यांचा पाठपुरावा होता. मात्र किल्ला आणि केबिन यांचा परस्परांशी मूळ संबंध काहीच नाही. दोन्ही एकाच ठिकाणी पाहणाऱ्याचा तसा समज होण्याचा संभव असतो.

प्रारंभी केबिनशी गव्हर्नर सिम्को यांचे नाव जोडले जात असे. स्कॅडिंग हे नाव नंतर रूढ झाले.

अस्सलपणाचा प्रश्न

वास्तुजतनाच्या आजच्या संकेतांनुसार इमारत तिच्या मूळ जागी राखणे हे श्रेयस्कर मानले जाते. जागा बदलली की जमिनीखालचे अवशेष, नदी, वाट, शेत यांच्याशी असलेले तिचे नाते तुटते. या कसोटीवर स्कॅडिंग केबिन उणी पडते. परंतु केबिन जागेवरच राहिली असती तर तिचे काय झाले असते, याचाही विचार करावा लागतो. डॉन नदीचा खालचा वळणावळणांचा प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोदून सरळ करण्यात आला. काठावर रेल्वेमार्ग आणि कारखाने आले, आणि विसाव्या शतकात खोऱ्यातून द्रुतगती महामार्ग गेला. लाकडाच्या पडक्या शेतघराला त्या परिसरात कोणी अभय दिले असते, असे वाटत नाही.

हेन्री स्कॅडिंग यांच्या वाट्यालाही असेच स्थलांतर आले. होली ट्रिनिटी चर्चशेजारील त्यांचे राहते घर इ.स. १९७० च्या दशकात ईटन सेंटर या प्रचंड व्यापारी संकुलासाठी मूळ जागेवरून काही मीटर सरकवून वाचवण्यात आले.

दुसरी अडचण अंतर्भागाची आहे. आत मांडलेल्या वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शेतकरी कुटुंबाचे जीवन दाखवतात. चरखा, चुलीवरची लोखंडी भांडी, साधे लाकडी सामान हे सर्व त्या काळाला धरून आहे. पण स्कॅडिंग १७९४ ते १७९६ या वर्षांत येथे राहिले, आणि ते त्या वेळी गव्हर्नरांच्या परिवारातील एक अधिकारी होते. त्यामुळे दिसणारी खोली ही स्कॅडिंग यांची खोली नसून एका सर्वसाधारण वसाहतकार कुटुंबाचे प्रातिनिधिक चित्र आहे. भिंती पुरावा आहेत, सामान हे स्पष्टीकरण आहे. केबिन पाहताना हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट.

संग्रहालयाची सद्यःस्थिती

यॉर्क पायोनियर्स ही संस्था आता यॉर्क पायोनियर अँड हिस्टॉरिकल सोसायटी या नावाने ओळखली जाते. सभासदत्वाची जुनी अट केव्हाच गळून पडली असून इतिहासात रस असलेल्या कोणालाही तिचे सभासद होता येते. शॅरन येथील ‘चिल्ड्रेन ऑफ पीस’ या पंथाचे इ.स. १८२५ ते १८३२ या काळात बांधलेले सुंदर लाकडी मंदिर इ.स. १९१७ मध्ये विकत घेऊन वाचवण्याचे श्रेयही याच संस्थेचे आहे.

केबिन वर्षभर उघडी नसते. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत भरणाऱ्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनच्या दिवसांत, तसेच काही निवडक प्रसंगी ती लोकांसाठी खुली केली जाते. त्या वेळी जुन्या धाटणीचा पोशाख घातलेले स्वयंसेवक माहिती देतात आणि सूतकताईसारखी कामे करून दाखवतात. एरवी जत्रेतील पाळणे व खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या गजबजाटात हे बसके घर सहज नजरेआड होते. शाळेच्या सहलींतून येणारी मुले मात्र माळ्याकडे बोट दाखवून तेथे किती जण झोपत, हा प्रश्न हटकून विचारतात.